बटण दाबलं की नुसतं 'टक्': जुन्या बाइकचा सेल्फ का उचलत नाही, ते घरी कसं शोधायचं

जुनी बाइक सकाळी सेल्फ घेत नाही म्हणून गॅरेजला नेली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बॅटरी गेली." बॅटरी बदलली जाते, गाडी चार दिवस चालते आणि पुन्हा तेच सुरू होतं. मग रिले (बटण दाबलं की मोटरला करंट जोडणारी डबी) बदलतात, मग सेल्फची मोटर. हजारांचे पार्ट बदलून झाल्यावर कुणाला तरी इंजिनाच्या मागच्या बाजूचा एक गंजलेला बोल्ट दिसतो. तो घासून घट्ट केला की गाडी सुरू. पार्ट खराब निघतात हे खरं, पण जुन्या गाडीत जोड त्याहून जास्त वेळा खराब निघतात. खराब जोड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि गाडी उभी असताना मीटरवरही दिसत नाही. तो दिसतो बटण दाबलेलं असतानाच. या लेखातली जवळजवळ प्रत्येक पायरी त्यामुळे 'बटण दाबून मोजा' अशीच आहे.

लेख लिहिताना डोळ्यांसमोर आहेत साधारण २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतल्या, कार्ब्युरेटरच्या, १२ व्होल्टच्या सेल्फ स्टार्ट गाड्या: पल्सर, स्प्लेंडर, युनिकॉर्न, करिझ्मा आणि त्यांची भावंडं. पॉइंटवाल्या, म्हणजे उघड-मिट होणाऱ्या धातूच्या टोकांनी ठिणगी पाडणाऱ्या, जुन्या बुलेटचं थोडं पुढे येईल. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना सेल्फचा भाग लागू पडतो, प्लगच्या ठिणगीचा भाग नाही.

हाताशी काय हवं

एक साधा डिजिटल मल्टिमीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो आणि या कामाला तो पुरतो. आठ आणि दहाचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, काचपेपर, हातभर वायर. याशिवाय एक गोष्ट घरी बनवा. ब्रेकलाइटचा जुना १२ व्होल्टचा बल्ब घ्या आणि २१ वॉटच्या फिलामेंटला दोन लांब वायरी जोडा. झाला टेस्ट लॅम्प. मीटर असताना बल्ब कशाला? एखाद्या वायरीच्या वीस तारांतली एकच तार शाबूत असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला करंट जवळजवळ लागतच नाही. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. वायर आतून तुटत आली असेल तर तो मिणमिणतो, आणि तेवढ्यात कळतं.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. मीटरवर १० अँपिअरचं वेगळं सॉकेट असतं. त्यात वायर घालून सेल्फचा करंट मोजायला जाऊ नका. सेल्फची मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते, मीटरचा फ्यूज जाईल आणि स्वस्त मीटरमध्ये फ्यूज नसला तर मीटरच जाईल. सेल्फच्या तपासणीत आपल्याला सगळीकडे व्होल्टच मोजायचे आहेत.

गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, उघड्या हवेत लावा. हातातली अंगठी-कडं काढून ठेवा. बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना फ्रेमला लागला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो.

आधी फुकटच्या गोष्टी

किल स्विच ऑफ आहे का? हसू नका. पोरांनी गाडीवर खेळताना तो दाबलेला असतो आणि मोठी माणसं तासभर किक मारत बसतात. न्यूट्रलचा दिवा खरंच लागलाय का? क्लच पूर्ण दाबून पाहिला का? साइड स्टँडचा स्विच असेल तर स्टँड वर आहे का? पेट्रोलची चावी रिझर्व्हवर घेतली का? पाच प्रश्न, पाच सेकंद.

इथेच नवख्यांची एक फसगत होते. "हेडलाइट लागत नाही, म्हणजे बॅटरी मेली" असा निष्कर्ष काढला जातो. स्प्लेंडरसारख्या अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतोच, तो थेट मॅग्नेट कॉइलवर (इंजिन फिरताना वीज बनवणारी कॉइल) चालतो आणि इंजिन चालू असेल तरच लागतो. बॅटरीची दशा पाहायची तर हॉर्न वाजवा, इंडिकेटर लावा, ब्रेक दाबा. हॉर्नचा आवाज बसला असेल किंवा इंडिकेटर लागून तसाच राहत असेल, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवरच घोळ आहे.

गाडी काय म्हणते ते ऐका

चावी ऑन केली, बटण दाबलं. आता पाचपैकी एक गोष्ट होते, आणि कुठल्या वाटेने जायचं ते तिथेच ठरतं.

चावी फिरवूनही काहीच नाही, न्यूट्रलचा दिवासुद्धा नाही: मुख्य फ्यूज, बॅटरीचं टर्मिनल किंवा इग्निशन लॉक.

दिवे-हॉर्न ठणठणीत, पण बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही: बटण, क्लच स्विच, न्यूट्रल स्विच किंवा रिलेची कॉइल.

एकच 'टक्', किंवा 'कटकटकट': रिले काम करायला बघतोय, पण मोटरला ताकद पोहोचत नाही. बॅटरी, जाड केबल, अर्थिंग (इंजिन-फ्रेममधून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट), रिलेचे आतले कॉन्टॅक्ट किंवा मोटर.

मोटर 'घुंईं' करून फिरते, पण इंजिन फिरत नाही: हा वायरिंगचा दोष नाही. सेल्फचा वन-वे क्लच (मोटरचं फिरणं इंजिनाला पोहोचवणारा भाग) सटकतोय. इंजिनाचं कव्हर उघडावं लागतं, गॅरेजला द्या.

इंजिन मजेत फिरतं, पण पकडत नाही: सेल्फ ठीक आहे, प्लगला करंट किंवा पेट्रोल नाही.

फ्यूज उडालेला सापडला तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला, आणि पुन्हा उडाला तर तिसरा घालू नका. कुठेतरी वायर सोलून फ्रेमला लागतेय. बहुतेकदा ती हँडलच्या मानेजवळ, जिथे वायरिंगची जुडी रोज डावी-उजवीकडे मुरडते तिथे, नाहीतर सीटखाली उंदराने कुरतडलेली सापडते. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळण्याचा उद्योग कुणी सुचवला तर त्याला हात जोडा. त्यात पूर्ण वायरिंग जळतं.

बॅटरी: बसलेली आणि राबणारी

गाडी रात्रभर बंद राहू द्या. सकाळी चावी लावण्याआधी मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी, आधी चार्ज करा आणि मगच पुढचं काही तपासा. अर्धवट बॅटरीवर केलेल्या चाचण्या फसव्या निघतात.

पण १२.६ दिसले म्हणून बॅटरी चांगली, असंही नाही. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असते आणि नळाला मात्र करंगळीएवढी धार येते, तशी गत. आतल्या प्लेटा सल्फेट होऊन मेल्या असतील तर विश्रांतीत व्होल्ट छान दिसतात आणि काम सांगितलं की पडतात. मीटर बॅटरीवरच लावून ठेवा, कुणाला तरी बटण दाबायला सांगा आणि आकडा बघा. सगळ्या तपासणीतला हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा.

व्होल्ट दहाच्या वर राहिले आणि इंजिन झपाझप फिरलं, तर सेल्फचा विषय संपला.

व्होल्ट धाडकन सहा-सातवर आले, तर बॅटरी कमजोर आहे, नाहीतर मोटर जाम होऊन भलताच करंट खातेय. दोन्हींतला फरक ओळखायला दुसऱ्या बाइकची चांगली बॅटरी जंपर केबलने लावून बघा. त्याने इंजिन फिरलं तर दोष आपल्या बॅटरीचा. चांगली बॅटरीही तशीच बसली आणि केबल गरम लागली, तर मोटरचा. कारच्या बॅटरीवरून जंप देणार असाल तर कारचं इंजिन बंद ठेवा.

आता तिसरी शक्यता, जी हमखास नजरेतून सुटते: 'टक्' वाजलं, इंजिन फिरलं नाही किंवा जेमतेम कण्हलं, आणि बॅटरीचे व्होल्ट मात्र १२ च्या आसपासच राहिले. बॅटरीवर ताण आलाच नाही, म्हणजे तिच्यातून करंट निघालाच नाही. वाटेत कुठेतरी अडलाय. अशा वेळी नवी बॅटरी घेऊन काडीचाही फरक पडणार नाही.

चार्जिंगबद्दल थोडक्यात. बॅटरीवर ९ अँपिअर-अवर लिहिलं असेल तर ०.९ अँपिअरने दहा-बारा तास. कारच्या चार्जरवर तासाभरात 'फास्ट चार्ज' करून देणारे तिचं आयुष्य कमी करून देतात. सीलबंद बॅटरीची झाकणं उचकटायची नाहीत. जुन्या पद्धतीच्या पाण्याच्या बॅटरीत दोन रेघांच्या मध्ये पातळी ठेवा, फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला आणि ब्रीदर पाइप चेनवर किंवा सायलेन्सरवर ठिबकणार नाही असा सोडा.

अडलेला करंट पकडायचा कसा

घरी बसून करण्यासारखं यापेक्षा नेमकं काम दुसरं नाही, आणि गॅरेजमध्ये ते क्वचितच होतं, म्हणून जरा सावकाश बघू.

तत्त्व सोपं आहे. चांगल्या वायरीच्या दोन टोकांत, तिच्यातून करंट वाहत असताना, व्होल्टचा फरक जवळजवळ शून्य असतो. जिथे जोड गंजलाय, सैल आहे किंवा रंगावर बसलाय, तिथे व्होल्ट खर्च होतात. ते मोजले की चोर सापडला.

पहिलं मोजमाप पॉझिटिव्ह बाजूचं. मीटरची लाल वायर बॅटरीच्या शिशाच्या पॉझिटिव्ह खुंटीवर टेकवा. क्लॅम्पवर नाही, खुंटीवर. खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्येच घाण बसलेली असू शकते आणि क्लॅम्पवर टेकवलंत तर ती मोजमापातून निसटते. काळी वायर सेल्फ मोटरच्या जाड केबलच्या नटावर, रबरी टोपी मागे सारून. बटण दाबा. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर त्या वाटेवरचा एकेक टप्पा घ्या: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते रिलेचा पहिला बोल्ट, रिलेच्या दोन बोल्टांमध्ये, दुसरा बोल्ट ते मोटर. जिथे आकडा उडी मारेल तिथे काचपेपर घेऊन बसा.

दुसरं मोजमाप अर्थिंगचं, आणि जुन्या गाडीत माझा पहिला संशय नेहमी इथेच असतो. एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी मोटरच्या उघड्या धातूच्या अंगावर. बटण दाबा. ०.२-०.३ व्होल्टच्या आत हवं.

ओळखीच्या एका तरुणाने जुनी दीडशे सीसीची गाडी घेतली, हौसेने फ्रेमला पावडर कोटिंग करून घेतलं आणि गाडी जोडून आल्यापासून सेल्फ कण्हायला लागला. नवी बॅटरी बसली, तरी तेच. बटण दाबून मोजलं तर बॅटरीवर ११.८ आणि निगेटिव्ह खुंटी ते इंजिन यांच्यात तब्बल ४ व्होल्ट. अर्थ केबलचा डोळा छान चकचकीत नव्या रंगावर आवळून बसवलेला होता. रंगातून करंट जात नाही. बोल्टाखालचा रुपयाएवढा गोल घासून धातू उघडा केला, वरून व्हॅसलिन लावलं, आणि त्याच बॅटरीवर इंजिन दणक्यात फिरलं. गाडी रंगवून आणली की अर्थिंगची प्रत्येक जागा घासलीच पाहिजे. पेंटर हे सांगत नाही, ते त्याचं कामही नाही.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साठली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने धुवा, कोरडं करा, घासा, आवळा, वरून व्हॅसलिन. पावडर डोळ्यांत किंवा हातावर जाऊ देऊ नका, आम्ल असतं त्यात. कोकणात खाऱ्या हवेत गाडी उभी राहत असेल तर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर हे करायचंच, असं धरून चाला.

रिले आणि बटण

सेल्फ रिले म्हणजे दोन जाड बोल्ट आणि दोन बारीक वायरी असलेली डबी, सहसा बॅटरीजवळ साइड कव्हरखाली. बारीक वायरींतून थोडा करंट गेला की आतला चुंबक 'टक्' करून जाड वाट जोडतो.

मीटर दोन जाड बोल्टांवर लावा. बटण दाबण्याआधीच एक आकडा दिसेल, आणि तो बराच बोलका असतो. बॅटरीएवढे १२ व्होल्ट दिसले तर मोटरच्या आतली वाट निदान सलग आहे. शून्य दिसलं तर ती तुटली आहे: कार्बन ब्रश झिजून आर्मेचरला (मोटरच्या फिरणाऱ्या भागाला) टेकत नाहीयेत, किंवा मोटरची केबल किंवा अर्थ निघालाय. मोटर न खोलता एवढं कळतं.

आता बटण दाबा. 'टक्' वाजून आकडा शून्याजवळ आला तर रिले ठीक. 'टक्' वाजलं तरी १२ तसेच राहिले, तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत, रिले बदला. दोन जाड बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जोडून मोटर फिरवण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास चालते. चाचणी म्हणून ती खरी आहे, पण ठिणगी मोठी पडते आणि गिअरमध्ये असलेली गाडी जागेवरून उडी मारते. न्यूट्रल दोनदा बघा, पेट्रोलचा वास येत नाही ना ते बघा, आणि वरच्या दोन मोजमापांनी निदान होत असेल तर हे करूच नका.

'टक्' वाजतच नसेल तर मीटर दोन बारीक वायरींवर लावून बटण दाबा. बॅटरीएवढे व्होल्ट आले तरी रिले गप्प, म्हणजे त्याची कॉइल गेली. काहीच आलं नाही, तर दोन्ही वायरी वेगवेगळ्या तपासा. एका वायरीला बटण दाबल्यावर पॉझिटिव्ह यायला हवा, दुसरीला अर्थ मिळायला हवा. होंडाच्या पद्धतीच्या गाड्यांत पिवळी-लाल वायर बटणाकडून पॉझिटिव्ह आणते आणि दुसरी वायर न्यूट्रल किंवा क्लच स्विचमधून अर्थ घेते. दुसरी वायर हातातल्या तुकड्याने बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवून बटण दाबलं आणि 'टक्' झालं, तर बटण बरोबर आहे, दोष स्विचांत. नाही झालं, तर हँडलवरचं बटण उघडा. दोन स्क्रू निघतात, आत तांब्याची पट्टी असते आणि पावसाच्या पाण्याने तिच्यावर हिरवा थर चढलेला असतो. बारीक काचपेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, बस. खोलताना खाली फडकं अंथरा. आतली स्प्रिंग उडून गटारात गेली की ती शोधण्यात दुपार जाते.

वायरींच्या रंगांवरून एक अडाणीपणा टाळा. काळी म्हणजे अर्थ असं घरच्या अडाख्याने धरू नका. होंडा आणि हिरो होंडाच्या गाड्यांत हिरवी वायर अर्थ असते आणि काळीत चावी ऑन केल्यावर १२ व्होल्ट येतात. काळीला अर्थ समजून जोडलीत की फ्यूज गेलाच. बजाजमध्ये बहुधा काळी-पिवळी अर्थ असते, यामाहात काळी. गाडीचा वायरिंग डायग्राम मिळवून मोबाइलमध्ये ठेवा.

मोटर काढलीच तर कार्बन ब्रश आणि आर्मेचरचं तांब्याचं कडं बघा. ब्रश झिजले असतील तर त्यांचा संच मिळतो, पूर्ण मोटर घ्यायची गरज नसते. बंद पडलेली मोटर हलक्या हाताने ठोकल्यावर एखाददा फिरते, हे ब्रश संपल्याचंच लक्षण.

इंजिन फिरतं, पण पकडत नाही

प्लग काढा, टोपीत घाला, प्लगचं धातूचं अंग हेडच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. हातात धरून नको, झटका जोराचा असतो. प्लगच्या भोकावर फडकं दाबा, तिथून पेट्रोलची वाफ येते. सावलीत उभे राहा, चावी ऑन, किक मारा. निळसर-पांढरी, 'चट चट' वाजणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक, मधूनच येणारी असेल तर आधी नवा प्लग लावून बघा. नव्यानेही तेच झालं तर टोपी वायरीवरून उलटी फिरवून काढा, वायरीचं टोक अर्धा सेंटिमीटर कापा आणि टोपी परत फिरवून बसवा. गंजलेलं टोक जातं आणि ताजी तार लागते. प्लग अर्थ न करता हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉइलमध्ये किंवा सीडीआयमध्ये (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीत) वाट काढते.

२००३ पासूनच्या डीटीएस-आय पल्सरला एका सिलिंडरवर दोन प्लग असतात. त्यातला एक मेला तरी गाडी सुरू होते, फक्त सकाळी त्रास देते आणि ओढ कमी लागते. माणूस कार्ब्युरेटर साफ करत बसतो. दोन्ही प्लग वेगवेगळे तपासा.

ठिणगी अजिबातच नसेल तर आधी आपली सीडीआय कुठल्या जातीची, ते समजून घ्या. एसी सीडीआय मॅग्नेटच्या वेगळ्या कॉइलवर चालते, तिला बॅटरीशी देणंघेणं नसतं. जुन्या स्प्लेंडरची बॅटरी पार मेली तरी ती किकवर सुरू होते ते यामुळे. डीसी सीडीआयला मात्र बॅटरीचे व्होल्ट लागतातच. तिच्यात एक मजेशीर लक्षण दिसतं: सेल्फ मारताना गाडी पकडत नाही, आणि बटण सोडता सोडता एकदम पकडते. सेल्फने बॅटरी इतकी खाली ओढलेली असते की सीडीआय झोपते. बटण सुटताच व्होल्ट उसळतात, इंजिनाचे शेवटचे एक-दोन फेरे बाकी असतात आणि तेवढ्यात ठिणगी पडते. हे दिसलं की सीडीआय बदलू नका, बॅटरी आणि केबलकडे परत या.

एसी सीडीआयच्या गाड्यांत किल स्विच आणि चावी करंट बंद करतात ते एक वायर अर्थ करून. होंडा पद्धतीत ती काळी-पांढरी. ही वायर कुठे सोलून फ्रेमला लागली किंवा इग्निशन लॉकमध्ये पाणी गेलं, की गाडीच्या लेखी चावी कायमची बंद. सीडीआयच्या कपलरमधून (वायरींचा प्लॅस्टिकचा जोड) तेवढी एकच वायर सोडा आणि किक मारा. ठिणगी आली तर दोष लॉकचा किंवा किल स्विचचा आहे आणि शे-दोनशेत काम भागतं. चाचणी झाली की वायर परत जोडा, नाहीतर चावीने इंजिन बंद होणार नाही. ती सोडूनही ठिणगी नाही, तर पल्सर कॉइल (ठिणगीची वेळ सांगणारी मॅग्नेटजवळची छोटी कॉइल, पल्सर गाडीशी संबंध नाही) ओहमवर मोजा. मीटर काहीच दाखवत नसेल तर ती तुटली. सीडीआयचा नंबर सगळ्यात शेवटी. ती शाबूत असताना बदललेल्या गाड्याच जास्त असतात. ओळखीच्या सारख्या गाडीची पाच मिनिटं मागून लावून बघणं हीच तिची खरी परीक्षा.

पॉइंटवाली बुलेट

कास्ट आयर्नच्या बुलेटच्या हेडलाइटवरचा अँमीटर (करंट दाखवणारा काटा) शोभेचा नाही. चावी ऑन करा आणि डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून किक हळूहळू खाली न्या. पॉइंट मिटले की काटा डावीकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा मध्यावर आला, डिकॉम्प्रेसर सोडला, किक वर घेतली आणि मारली, ही जुन्या स्वारांची पद्धत. तोच काटा दोषही सांगतो. काटा हलतच नसेल तर पॉइंट मिटत नाहीयेत, त्यांच्यावर तेल-काजळी आहे, किंवा कॉइलला करंटच येत नाही. काटा कायम डावीकडेच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा त्यांची वायर अर्थला लागलीय. पॉइंट बारीक काचपेपरने साफ करा, कागदाचा कोरा तुकडा मधून ओढा, फट पूर्ण उघडल्यावर फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. आणि गाडी सुरू झाली नाही तर चावी ऑन ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जाते आणि बॅटरी उतरते.

सगळं ठीक, पण दोन दिवसांनी बॅटरी पुन्हा खाली

इंजिन चालू करून बॅटरीवर मीटर लावा. रेस थोडी वाढवल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेराच्या वर जातच नसेल तर चार्जिंग नाही. पंधराच्या पुढे पळत असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारी डबी) गेला, तो बॅटरी उकळवतो आणि बल्ब उडवतो.

चार्जिंग नसेल तर रेग्युलेटरचा कपलर काढून बघा. काळपट, वितळलेली पिन दिसली की निम्मं उत्तर मिळालं. मॅग्नेटकडून सारख्या रंगाच्या तीन वायरी येत असतील तर कुठल्याही दोघींमध्ये एसी व्होल्ट सारखे हवेत, रेसबरोबर वाढायला हवेत, आणि इंजिन बंद असताना त्यातली एकही इंजिनाच्या अंगाला जोडलेली दिसता कामा नये. जुन्या साध्या गाड्यांत, जिथे मॅग्नेटकडून एक पिवळी आणि एक पांढरी येते, तिथे मात्र कॉइलचं एक टोक मुळातच अर्थला असतं. तिथे मीटर 'पीं' वाजला म्हणून कॉइल जळाली असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

चार्जिंगही ठीक असेल तर चोरी शोधा. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा, मीटर मिलिअँपिअरवर ठेवून केबल आणि खुंटी यांच्यामध्ये जोडा. मीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही. साध्या जुन्या गाडीत आकडा शून्याजवळ असतो, डिजिटल मीटरच्या घड्याळाला थोडेसे मिलिअँपिअर लागतात. वीस मिलिअँपिअर गळत असतील तर दिवसाला अर्धा अँपिअर-अवर जातो, म्हणजे ९ अँपिअर-अवरची बॅटरी नऊ दिवसांत निम्मी. आता एकेक कपलर काढत जा. रेग्युलेटर काढल्यावर आकडा पडला तर तोच चोर. नाहीतर नंतर बसवलेल्या गोष्टी बघा: जीपीएस, अलार्म, मोबाइल चार्जर, प्रेशर हॉर्न, फॉग लाइट. कंपनीच्या वायरिंगला ब्लेडने सोलून, पीळ मारून, वर टेप गुंडाळलेले जोड एका पावसाळ्यात काळे पडतात. असे जोड कापून सोल्डर करा, वर श्रिंक ट्यूब चढवा, आणि जास्त करंट खाणाऱ्या प्रत्येक वस्तूला वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज द्या.

मॅग्नेट कॉइल किंवा पल्सर कॉइल बदलायची वेळ आली तर कव्हर, गॅस्केट, ऑइल आणि काही गाड्यांत मॅग्नेटचा पुलर लागतो. ते ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या. जाताना कागदावर चार आकडे लिहून न्या: सकाळचे बॅटरीचे व्होल्ट, बटण दाबतानाचे व्होल्ट, अर्थच्या बाजूला पडलेले व्होल्ट, रेस वाढवल्यावरचे व्होल्ट. कागद हातात दिलात की "बॅटरी टाकून बघू" हे वाक्य सहसा निघत नाही. निघालंच, तर जुना पार्ट परत मागून घ्या.